दोरीचं दुसरं टोक

दिवेलागण झाली आहे. टीव्ही बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि भिंतीला पाठ टेकून बसा. मांडी घालणं जमत नसेल तर खुर्ची चालेल. आजचा विषय जड आहे, म्हणून आधी अंग सैल सोडू. खांदे खाली येऊ द्या. दातावर दात नकोत. तळवे मांडीवर असू द्या. श्वास मोजायचा नाही, लांबवायचाही नाही. तो येतो आणि जातो, एवढंच ध्यानात असू द्या.

विषय असा आहे: हा माणूस गेला, असं चार जणांनी ठरवलं आणि तो गेलेला नव्हता.

वाचताना अंगावर काटा आला असेल, तर त्याला हाकलू नका. तो कुठं उमटला ते पाहा. गळ्याशी, छातीत की पोटात? भीतीला शरीरात एक जागा असते. ती जागा सापडली की थोडं थांबा आणि मगच पुढं वाचा.

आता या भीतीचा काळ पाहू. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेत ती राजवाड्यांपासून झोपड्यांपर्यंत पसरली होती. रणांगणावर न डगमगलेली माणसंही तिच्यापुढं हळवी होत. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ च्या रात्री अखेरचे श्वास घेत होता. त्यानं आपल्या चिटणिसाला जवळ बोलावून बजावलं, की मृत्यूनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय मला थडग्याच्या तळघरात ठेवू नका. समजलं ना, असं विचारून त्याच्याकडून होकारही घेतला. संगीतकार शोपँ १८४९ मध्ये पॅरिसमध्ये गेला. आपण जिवंत पुरले जाऊ नये म्हणून देह उघडून पाहावा, अशी त्याची विनवणी होती. त्याचं हृदय बहिणीनं वॉर्साला नेलं, ते आजही तिथल्या एका चर्चच्या खांबात आहे. परीकथा लिहिणारा हान्स अँडरसन झोपताना उशाशी चिठ्ठी ठेवी, मी मेल्यासारखा दिसतोय इतकंच. ज्याच्या नावानं शांततेचं पारितोषिक दिलं जातं, त्या आल्फ्रेड नोबेलनं १८९५ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की आधी माझ्या शिरा कापा, जाणकार डॉक्टरांना मृत्यूची स्पष्ट लक्षणं दिसू द्या आणि मग दहन करा.

ही नावं एकेक करून डोळ्यांसमोर आणा. मरणाला यांनी हरकत घेतलेली नव्हती. वॉशिंग्टननं डॉक्टरांना, आता मला शांतपणे जाऊ द्या, असंच सांगितलं होतं. मग भीती नेमकी कशाची होती? उत्तराची घाई नको. प्रश्न श्वासाबरोबर आत जाऊ द्या.

या भीतीला कारणंही होती. छातीला लावून ठोके ऐकायची नळी डॉक्टरांच्या हाती आली ती १८१६ नंतर, लाएनेक या फ्रेंच वैद्यामुळं. तोवर मरण ओळखायचं ते नाकाशी पीस धरून, ओठांपुढं आरसा धरून किंवा मनगट चाचपून. विन्स्लो नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं १७४० मध्ये पॅरिसमध्ये लिहिलं, की देह कुजू लागणं हीच एकमेव खात्रीची खूण. त्याच्या लिखाणाचं भाषांतर आणि विस्तार होत गेला आणि भीती घरोघर पोचली. १८३१-३२ मध्ये युरोपात कॉलरा शिरला. हा रोग बंगालमधून १८१७ पासून जगभर फिरत होता. कॉलऱ्याच्या रोग्याच्या अंगातलं पाणी निघून जातं, डोळे खोल जातात, कातडी निळसर आणि थंड पडते, नाडी बोटाला लागत नाही. जिवंतपणीच तो प्रेतासारखा दिसतो. त्यात साथीची धास्ती. देह घरातून लवकर बाहेर काढायचा, लवकर पुरायचा. खूण अस्पष्ट आणि हात घाईत, हे दोन एकत्र आले.

पुन्हा श्वासाकडं या. ज्या श्वासाकडं आपण पाहतो आहोत, तोच त्या काळी आरशावर शोधत होते. आपला आत्ताचा श्वास आरशावर किती धुकं धरेल? उथळ झाला तर किती? गाढ झोपेत किती? श्वास एवढा बारीक होऊ शकतो, की शेजारच्याला कळू नये. हे बारीकपण एकदोन श्वास नुसतं अनुभवा.

आता यंत्रांकडं वळू. १७९२ मध्ये जर्मनीतल्या ब्रुन्सविकच्या ड्यूक फर्डिनांडसाठी एक पेटी घडवली गेली. उजेडाला खिडकी, हवेला नळी, झाकण खिळे न ठोकता कुलपाचं. कफनाच्या खिशात दोन किल्ल्या, एक पेटीची आणि दुसरी थडग्याच्या दाराची. १८२२ मध्ये आडोल्फ गुट्समुट या डॉक्टरनं आपण बनवलेल्या पेटीत स्वतःला पुरून घेतलं आणि नळीतून खाली सोडलेलं सूप, सॉसेज आणि बिअर असं साग्रसंगीत जेवण जमिनीखाली उरकलं. १८२९ मध्ये टाबेर्गर यानं मृताच्या हाताला, पायाला आणि डोक्याला दोऱ्या बांधून त्या वरच्या घंटेला जोडल्या. वाऱ्यानं घंटा हलू नये म्हणून तिला आडोसाही केला. १८६८ मध्ये अमेरिकेतल्या नेवार्कच्या फ्रांझ वेस्टरनं शिडी असलेली उभी नळी आणि घंटा यांचं पेटंट घेतलं. माणूस खरंच मेलेला निघाला तर नळी काढून दुसऱ्यासाठी वापरायची, असा हिशेबही त्यात होता. १८९७ च्या सुमारास रशियाच्या झारच्या दरबारातल्या काउंट कार्निस-कार्निकीनं छातीवर ठेवायचा गोळा योजला. छाती जराशी हलली की स्प्रिंग सुटायची, नळीचं तोंड उघडायचं, वर निशाण उभं राहायचं आणि घंटा वाजायची.

एवढं सगळं करून या पेट्यांमुळं कुणी वाचल्याचा विश्वासार्ह दाखला सापडत नाही. एक अडचण तर मुळातलीच होती. मेलेला देहही हलतो. पोटात वायू धरतो, अंग फुगतं, हात सरकतो आणि दोरी ओढली जाते. गोळ्याला आणि घंटेला जिवंत हालचाल कुठली आणि मेलेली कुठली, हे कळत नाही.

आता डोळे मिटा आणि टाबेर्गरची दोरी मनात धरा. खाली मनगटाला बांधलेली, मातीतून वर गेलेली, घंटेला जोडलेली. मनानंच तिच्यावरून हात फिरवत वर या. घंटेपाशी पोचलात? तिथं कोण आहे?

रात्र आहे. स्मशानात गवत वाढलं आहे. घंटा वाजते आहे.

टाबेर्गरलाही हा प्रश्न पडला होता. त्याच्या योजनेत एक रात्रीचा पहारेकरी होता. घंटा ऐकून त्यानं धावत यायचं, दुसऱ्या नळीतून भात्यानं हवा खाली सोडायची आणि मग खोदायला घ्यायचं. म्हणजे खिडकी, नळी, दोरी, घंटा सगळं जमवल्यावर शेवटी लागत होता तो एक जागा माणूस. जर्मनीत तर पेटीच बाजूला ठेवून थेट माणसाची सोय केली गेली. हुफेलांड या वैद्याच्या आग्रहानं १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला वायमारला मृतांसाठी वाट पाहण्याचं घर उभं राहिलं आणि पुढं बऱ्याच जर्मन शहरांनी ते उचललं. कुजण्याची खूण दिसेपर्यंत देह तिथं उबेत, फुलांत ठेवायचे. मार्क ट्वेननं १८८३ च्या ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ या पुस्तकात म्युनिकच्या अशा घराचं वर्णन केलं आहे. प्रत्येक मृताच्या बोटात अंगठी, अंगठीला तार आणि तार गेलेली शेजारच्या खोलीतल्या घंटेपर्यंत. त्या खोलीत रात्रंदिवस एक पहारेकरी. त्या घरांतूनही कुणी उठून घरी गेल्याची खात्रीची नोंद नाही. तरी लोक पिढ्यानपिढ्या आपली माणसं तिथं आणत राहिले. तिथं कुणीतरी जागं आहे, एवढ्यानं त्यांना धीर येत असावा.

मघाचा प्रश्न आता परत घ्या. भीती मातीची होती, अंधाराची होती की आणखी कशाची? मला वाटतं, ती सोडून दिलं जाण्याची होती. आपण अजून इथं आहोत आणि ज्यांच्यावर भिस्त होती ते पाठ फिरवून, हातपाय धुऊन घरी गेले आहेत, ही ती भीती. दोरी, घंटा, निशाण ही सगळी हाक मारण्याची साधनं. हाकेला ऐकणारा लागतो आणि तो पेटीबरोबर विकत मिळत नाही.

आता एक छोटी साधना करू. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं एक बक्षीस लावलं होतं: मृत्यू नक्की ओळखण्याची पद्धत सांगा. १८४० च्या दशकात ते यूजेन बूशू या तरुण डॉक्टरला मिळालं. त्याचं म्हणणं साधं होतं. छातीला नळी लावा आणि दोन मिनिटं ऐका. त्या दोन मिनिटांत एकही ठोका आला नाही, तर माणूस गेला. नवं यंत्र त्यानं शोधलं नाही. हाती असलेल्या नळीला त्यानं ऐकण्याची ठरावीक वेळ जोडली. आज ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नियमावलीत ही वेळ किमान पाच मिनिटांची आहे.

ती दोन मिनिटं आपण बसू. समोर घड्याळ असेल तर सेकंदकाटा पाहून ठेवा आणि डोळे मिटा. घरातला एकच आवाज निवडा. पंख्याचा, फ्रिजचा, शेजारच्या खोलीत झोपलेल्या कुणाचा श्वास. दुसरं काही न करता तोच ऐका. मध्येच मन उद्याच्या कामाकडं जाईल, तेव्हा त्याला आवाजाकडं आणा. संपली दोन मिनिटं असं वाटलं की डोळे उघडून घड्याळ पाहा.

बहुतेकांना दोन मिनिटं पुरी झालेली दिसत नाहीत. ऐकण्याचा काळ आपल्याला असा लांबच लांब वाटतो. म्हणूनच तो आखून द्यावा लागतो.

आता आपल्या मुलखात येऊ. जमिनीखाली जिवंत बसलेला माणूस म्हटलं की मराठी मनात पहिलं चित्र उभं राहतं ते आळंदीचं. शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ ला, ज्ञानेश्वर आपल्या इच्छेनं समाधीत उतरले आणि वर शिळा लागली. सोळाव्या शतकात अजानवृक्षाची मुळी माउलींच्या कंठाला लागली आणि त्यांनी पैठणच्या एकनाथांना स्वप्नात बोलावलं, अशी कथा आहे. नाथ आळंदीला गेले, समाधीत उतरले आणि ती मुळी सोडवली. ही कथा आपण लहानपणापासून भीती न वाटता ऐकली. तीही जमिनीखालून आलेल्या हाकेचीच कथा आहे. युरोपातल्या माणसाला जे सर्वांत भयंकर वाटलं, ते इथं भयंकर वाटत नाही, कारण हाक ऐकणारा कुणी आहे. शिवाय तो अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही ऐकतो.

दुसरं चित्र शिर्डीचं. १८८६ च्या मार्गशीर्ष पौर्णिमेला साईबाबांना दम्यानं फार हैराण केलं. त्यांनी म्हाळसापतींना सांगितलं, की माझा देह तीन दिवस सांभाळ, मी परतलो नाही तर अमुक जागी पुर. मग श्वास थांबला. साईसच्चरितात ही हकीकत येते. लोक जमले, पंचनाम्याची भाषा सुरू झाली, देहाची व्यवस्था करा असा आग्रह वाढला. खंडोबाचे पुजारी आणि जातीनं सोनार असलेले म्हाळसापती बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. तिसऱ्या दिवशी श्वास परत आला आणि बाबा पुढं बत्तीस वर्षं, १९१८ च्या दसऱ्यापर्यंत, शिर्डीत राहिले. भक्तानं ही गोष्ट श्रद्धेनं ऐकावी, डॉक्टरनं आपल्या परीनं तपासावी. या मननात आपण म्हाळसापतींकडं पाहू. मांडी अवघडली असेल. गावातले शहाणे लोक त्यांना वेडा म्हणाले असतील. बाबा परत येतील याची हमी त्यांच्यापाशी दिलेल्या शब्दापलीकडं नव्हती. वॉशिंग्टननं जे तीन दिवस मागितले, तेच तीन दिवस इथं एका गरीब सोनारानं बसून दिले.

मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी अंत्यविधीत ‘सगदीद’ असतं. मृताला कुत्र्याची नजर दाखवतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, चार डोळ्यांचा मानलेला कुत्रा त्यासाठी निवडत. या चालीची जी अनेक स्पष्टीकरणं सांगतात, त्यांतलं एक असं, की देहात धुगधुगी उरली असेल तर कुत्र्याला ती कळते. स्वतःच्या नजरेवर भरवसा ठेवताना माणसानं आणखी एक नजर मागून घेतली, यात मोठी नम्रता आहे.

आता छत्तीसगढातल्या आपल्या रायपूरला. खारून नदीवरचा महादेव घाट मनात आणा. हटकेश्वराचं देऊळ, पायऱ्या, पलीकडं चितेचा धूर. तात्यापाऱ्यातून, चौबे कॉलनीतून आपली मराठी माणसं पिढ्यानपिढ्या इथं खांदा द्यायला येत आली. आजूबाजूच्या खेड्यांत सतनामी आणि कबीरपंथी मातीच देतात. छत्तीसगढीत अंत्ययात्रेला जाणं म्हणजे ‘काठी’ला जाणं. दहन असो की दफन, घरापासून घाटापर्यंतच्या वाटेवर देहाला कितीदा हात लागतो, ते मोजून पाहा. अंघोळ घालताना, तुळशीपत्र ओठांवर ठेवताना, तिरडीवर घेताना. दारात, चौकात आणि विसाव्याला पिंड ठेवायला थांबतात तेव्हा. शास्त्रानं या थांब्यांना पारलौकिक अर्थ दिला आहे. मला त्यांत एक इहलोकीचा अर्थही दिसतो. निघालेली माणसं पुन्हापुन्हा थांबतात, वाकतात, चेहरा पाहतात. घाईला या वाटेनं वेसण घातली आहे.

आणि घाई तर इथं हवाच करायला लावते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपाशी असतो. देह थंड पडला ही खूण युरोपात चालत असेल, पण ज्या खोलीची हवा अंगापेक्षा गरम आहे, तिथं मेलेला देह थंड पडतच नाही. उलट १९९९ मध्ये नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म ही डॉक्टर बर्फाखालच्या पाण्यात अडकली. बाहेर काढली तेव्हा तिच्या अंगाचं तापमान १३.७ अंश होतं आणि हृदय बंद होतं. तासन् तास खटपट करून डॉक्टरांनी तिला ऊब दिली आणि ती जगली. म्हणून डॉक्टर म्हणतात, गारठलेल्या माणसाला आधी ऊब द्या आणि मगच मृत ठरवा. थंड म्हणजे मेला नव्हे आणि ऊबदार म्हणजे जिवंत नव्हे. एकेकटी खूण फसवते.

बाहेरून दिसतं त्यापेक्षा आत काही वेगळं चालू असू शकतं, याची एक आठवण तर रायपूरच्याच रस्त्यावरची आहे. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र, पुढचे स्वामी विवेकानंद, नागपूरहून बैलगाडीनं रायपूरला येत होता. विंध्याच्या वाटेवर डोंगराच्या कपारीत त्याला मधमाश्यांचं एक प्रचंड पोळं दिसलं. ते पाहता पाहता त्याचं बाहेरचं भान गेलं. किती वेळ गेलं, हे त्यालाही सांगता आलं नाही. गाडी चालत राहिली. बाजूनं जाणाऱ्याला काय दिसलं असेल? पडून राहिलेला एक मुलगा. या चित्रापाशी दोन श्वास थांबा.

आणि मग, जड वाटलं तरी, एप्रिल २०२१ ची करोनाची लाट आठवा. रायपूरला कुलूप लागलं होतं, घाटांवर जागा पुरत नव्हती आणि कितीतरी घरांना आपल्या माणसाचा चेहराही धड पाहता आला नाही. तेव्हा डॉक्टरांचं निदान चुकेल अशी भीती कुणाला नव्हती. घरच्यांना रुखरुख लागली ती आपण जवळ नव्हतो याची. दीडदोनशे वर्षांपूर्वी मरणारा म्हणत होता, मला सोडून जाऊ नका. त्या एप्रिलमध्ये मागं राहिलेले म्हणत होते, आम्हाला जवळ जाऊ द्या. दोरीच्या दोन टोकांवरची ही एकच वेदना आहे. तुमच्या घरातलं कुणी त्यात असेल, तर त्याचं नाव मनात घ्या. जमेल तितका वेळ त्या नावापाशी बसा.

आता वाट पाहण्याचे काळ एका ओळीत ठेवा. वॉशिंग्टनचे तीन दिवस. म्हाळसापतींचे तीन दिवस. बूशूची दोन मिनिटं. आणि आपल्या देशातल्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखालचे सहा तास. श्वास यंत्राच्या आधारानं चालू आहे, हृदय धडधडतं आहे, पण मेंदू कायमचा थांबला आहे, अशा रुग्णाच्या चाचण्या चार डॉक्टरांचं मंडळ करतं. एकदा करून भागत नाही. किमान सहा तास जाऊ देऊन त्याच चाचण्या पुन्हा करतात. पहिल्या वेळी सगळं स्पष्ट असलं तरी पुन्हा. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे सहा तास क्रूर वाटतात. आशा लावून ठेवतात आणि काही सांगत नाहीत, असं वाटतं. पण त्या तासांत दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी कान लावून बसलेलं असतं. आज आपण निर्धास्त आहोत ते अशा शिस्तीमुळं. कार्निकीच्या गोळ्याचं आता कुणाला नावही ठाऊक नाही.

शेवटच्या टप्प्यावर आहोत. श्वास पाहा, तो चालू आहे. मघाशी भीतीची जी जागा सापडली होती, तिथं आता काय आहे? भीती गेली नसेल तरी हरकत नाही. तिच्याशेजारी एक कर्तव्य येऊन बसलं आहे का, एवढं पाहा.

ते कर्तव्य अगदी व्यवहारातलं आहे. घरात कुणी गेलं की घराला काम सुटतं. डॉक्टर, दाखला, फोन, लाकडं, शववाहिनी, पुण्याहून निघालेला मुलगा कुठवर आला याची चौकशी. ही कामं करावीच लागतात. पण त्याआधी एक माणूस नेमा. त्यानं फोन घ्यायचा नाही, हिशेब ठेवायचा नाही, आल्यागेल्याचं पाहायचं नाही. देह घरात आहे तोवर त्यानं जवळ बसायचं. डॉक्टर आले की तपासणी पुरी होईपर्यंत खोलीत राहायचं. घाई करणाऱ्याला, थोडं थांबा, एवढं म्हणायचं. आणि आज रात्री, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, की तुमच्याजवळ कोणी बसलेलं आवडेल? जे नाव सांगतील, त्या माणसाला उद्या फोन करा.